सुभद्रेची पट्टी

ऑर्गनच्या पट्ट्यांच्या पुढ्यात एक लांब, अरुंद लाकडी फळी असते. दोन्ही टोकांचे स्क्रू काढले की ती सुटून हातात येते. गेल्या वैशाखात आमच्या देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे उतारूंच्या इमारतीत बसून मी ती काढली, पुसायला उलटी केली, आणि आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी दिसल्या. आधी साल, मग नाटक, मग पात्र, आणि शेवटी त्या पात्राचा षड्ज कुठल्या पट्टीत, ते. पहिली ओळ अशी: '१९५७. सौभद्र. अर्जुन पांढरी चार. सुभद्रा पांढरी पाच. नारद काळी तीन.' पांढरी चार म्हणजे सप्तकातली चौथी पांढरी पट्टी. तिच्या लगतची काळी तीन अर्धी पट्टी वर, आणि पांढरी पाच आणखी अर्धी. शेवटची ओळ १९८६ सालची. एकूण तेवीस ओळी आणि तीन वेगवेगळी अक्षरं. तिसरं अक्षर मी कुठेही ओळखलं असतं. ते बाबांचं.

मी फोंडा तालुक्यातली. जुनी माणसं अजून या भागाला अंत्रूज महालच म्हणतात. दिवसा एका बँकेत नोकरी करते, संध्याकाळी घरी मुलांना पेटी शिकवते. बाबा गावच्या नाटकांना तीसेक वर्षं ऑर्गनवर बसले. त्यांच्या आधी ज्यांनी बसायचं काम केलं, त्यांनाच ते गुरू मानायचे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी थोडं सांगते. गोव्यात मराठी नाटक म्हणजे फक्त नाट्यगृहातलं नाटक नव्हे. जत्रा, काला, शिमगा, वर्धापनदिन, देवळातला कुठलाही उत्सव असो, रात्री पालखी आत गेली की मंडपात नाटक होतं. नट गावचेच. कोणी शिक्षक, कोणी खाणीवर काम केलेला, कोणाचं किराणा दुकान. पडदे आणि ड्रेपरी भाड्याची. प्रेक्षक चटया पसरून बसतात, मुलं खाजं खात खात पेंगतात, आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. कितीतरी गावांत अजून संगीत नाटक होतं. किर्लोस्करांचं सौभद्र १८८२ साली रंगभूमीवर आलं, आणि आमच्या मंडपात ते यंदाही होणार आहे. बसलेल्यांतल्या निम्म्या लोकांना पदं पाठ असतात. नटाने एखादी जागा गाळली तर पहिल्या रांगेतून हुंकार येतो.

तर ऑर्गन. अग्रशाळेच्या कोपऱ्यात, पालखीच्या जुन्या दांड्यांमागे तो वीसेक वर्षं पडून होता. तो अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, एस्टी कंपनीत बनलेला आहे. या कंपनीने पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले आणि १९६० साली ती बंद पडली. आमचा ऑर्गन गावात कसा आला याच्या दोन गोष्टी सांगतात. एकीत तो मुंबईहून बोटीने पणजीला उतरतो, दुसरीत एका बंद पडलेल्या नाटक कंपनीच्या लिलावातून येतो. मला दोन्ही आवडतात.

आपल्या हातपेटीत भाता हवा बाहेर ढकलतो आणि त्या दाबाने आतले सूर, म्हणजे रीड, वाजतात. ऑर्गनचं उलटं. दोन्ही पाय आळीपाळीने पायट्यांवर मारले की भाता आतली हवा बाहेर काढतो, पोकळी तयार होते, आणि बाहेरची हवा सुरांमधून आत ओढली जाते. म्हणून ऑर्गनचा आवाज पेटीसारखा अंगावर येत नाही. तो गोल असतो, थोडा मागून आल्यासारखा. गायकाच्या आवाजाखाली तो सतरंजीसारखा पसरतो. पुरुष जेव्हा स्त्रीभूमिका करायचे तेव्हा त्या नाजूक गळ्याखाली असाच आवाज हवा होता. ऑर्गन मराठी नाटकात इतका रुजला त्याचं कारण मला हेच वाटतं.

मी उघडला तेव्हा भात्याचं रबरी कापड बिस्किटासारखं तुटत होतं. कातड्याच्या पट्ट्यांना बुरशी. खालच्या फळीला वाळवी लागून गेलेली, नशिबाने मधल्या पेटीपर्यंत पोचली नव्हती. मागे कधीतरी तो एका दुरुस्तीवाल्याकडे दिला होता. त्याने बाहेरून तपकिरी ऑइलपेंट फासला आणि आतले नऊ सूर काढून भलतेच बसवले. ते नऊ सूर मी पहिल्याच दिवशी कानाने ओळखले. बाकीचे पितळेचे, हे हलक्या पत्र्याचे. वाजले की डबा बडवल्यासारखे.

पट्ट्या एकसष्ट, सुरांचे दोन संच, म्हणजे एकशे बावीस सूर. प्रत्येक सूर आपल्या खाचेत बसलेला असतो. आकड्याने ओढून तो बाहेर काढायचा. पितळेच्या चौकटीत पितळेचीच एक जीभ, एका टोकाला पक्की, दुसऱ्या टोकाला मोकळी. जिभेखाली पातळ कागद सरकवून धूळ काढायची, जिभेला बोटाचं तेल लागू द्यायचं नाही. सूर उतरला असेल तर मोकळ्या टोकाकडे अगदी हलकं खरवडायचं. टोक हलकं झालं की सूर चढतो. चढला असेल तर पक्क्या टोकाकडे, मुळाशी खरवडायचं. जीभ तिथे लवचीक झाली की सूर उतरतो. एक खरवडा जास्त झाला तर परत उलटी मेहनत. हे बाबांनी शिकवलं. आता त्यांचे हात थरथरतात. ते खुर्चीवर डोळे मिटून बसायचे, मी सूर खाचेत घालून पट्टी दाबायची, आणि ते फक्त 'चढा' किंवा 'उतरा' एवढंच म्हणायचे. रोज संध्याकाळी चार-पाच सूर. पावसाळा लागला तेव्हा थांबावं लागलं, कारण आषाढातल्या हवेत लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींत अडकतात आणि कानही फसतो. पुन्हा श्रावण संपताना बसलो.

एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. पट्ट्यांच्या वर ओढायच्या खुंट्या असतात, त्यांच्या तोंडावर नावं. एकीवर लिहिलंय 'व्हॉक्स ह्युमाना'. लॅटिनमध्ये याचा अर्थ माणसाचा आवाज. ही खुंटी ओढली की आत सुरांच्या मागे एक छोटा पुठ्ठ्याचा पंखा हवेच्या ओढीने फिरू लागतो आणि आवाजाला कंप येतो. आमचा पंखा उंदरांनी अर्धा खाल्लेला होता. मी लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा कापून नवा केला, मधल्या दांडीला मेण लावलं. पहिल्यांदा तो फिरला तेव्हा बाबांनी डोळे उघडले. 'हा मी एकदाच ऐकला होता,' ते म्हणाले. 'लहान असताना.' म्हणजे त्यांनी वाजवायला घेतला तोवर पंखा गेलेला होता. तीस वर्षं त्यांनी त्याच्याशिवाय साथ केली.

आता त्या फळीकडे येते, कारण हे सगळं लिहायला बसले ते तिच्यामुळे.

घरी आणून मी तेवीस ओळी वहीत उतरवल्या आणि एका पात्राचे आकडे एकाखाली एक लिहिले. अर्जुन: १९५७ साली पांढरी चार. १९६१ ला तीच. १९६६ ला पांढरी तीन. १९७४ ला पांढरी दोन. १९८३ ला काळी एक. म्हणजे सव्वीस वर्षांत आमच्या गावचा अर्जुन चार अर्ध्या पट्ट्या खाली आला. नट बदलले असतील, गळे वेगळे असतील, हे धरूनही हा उतार सरळ आहे. इतर पात्रांचंही तेच. १९७१ ची सुभद्रा सोडली तर कुठेच आवाज वर गेलेला नाही.

मी बाबांना विचारलं. त्यांना विचार करावा लागला नाही.

'बाय, तेव्हा कर्णा कुठे होता? गॅसबत्त्या आणि मोकळा मंडप. समोर सातशे माणसं, मागे झाडाखाली बसलेली वेगळी. खालच्या पट्टीत गायलं तर तिसऱ्या रांगेपलीकडे काय जाणार? गावात वीज यायच्या आधीच बॅटरीवरचा कर्णा आला. पहिल्या वर्षी लोक कर्णा बघायलाच आले. दुसऱ्या वर्षी आमचा अर्जुन म्हणाला, आता एवढं ओरडायला नको, अर्धी पट्टी खाली घ्या. मी घेतली. नंतर कोणी वर घ्या म्हटलंच नाही.'

मला हे ऐकून काही दिवस दुसरं काही सुचलं नाही. नाट्यगीतातली ती ताण दिलेली, चढी, टोकदार गायकी आपण एक शैली म्हणून शिकतो. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या गळ्यातली ती झेप, ती मंगेशीची. मंगेशी आमच्याच तालुक्यात आहे, तिथे आजही त्यांचं नाव घेताना लोक आवाज थोडा खाली आणतात. १९१८ मध्ये त्यांची बलवंत संगीत मंडळी उभी राहिली तेव्हा रंगमंचावर मायक्रोफोन नव्हता. शेवटच्या माणसाच्या कानापर्यंत जायचं ही त्या गायकीची पहिली गरज होती, आणि त्या गरजेतून तिचं सौंदर्य आलं. उंच पट्टीत गायलं की स्वर कंठात लपवता येत नाही. शब्द स्वच्छ फेकावा लागतो, श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवावं लागतं. फळीवरचा एकेक आकडा म्हणजे कोणीतरी झाडाखालच्या माणसाचा केलेला विचार आहे.

कर्ण्याने सगळं बिघडवलं असं मी म्हणणार नाही. १९६८ च्या ओळीत मत्स्यगंधा आहे. ते नाटक १९६४ सालचं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. तेही मंगेशीचेच. म्हणजे नवं नाटक चार वर्षांत आमच्या मंडपात आलं होतं. त्या ओळीपुढे बाबांच्या गुरूंनी लिहिलंय, 'पदे लहान. ऑर्गन हलका ठेवणे.' या पाच शब्दांत एक आख्खं वळण आहे. अभिषेकीबुवांनी नाट्यपद आटोपशीर केलं, त्यात भावगीताची जवळीक आणली, आणि ती जवळीक मायक्रोफोनमुळे शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. कट्यार काळजात घुसली त्यांनीच १९६७ मध्ये संगीतबद्ध केलं. २०१५ मध्ये त्यावर सिनेमा आला, आणि त्यानंतरच्या वर्षभरात माझ्याकडे नाट्यगीत शिकायला अकरा मुलं आली. त्यांतली चार अजून येतात. मी या मुलांना कमी लेखत नाही. कोणत्या दारातून आली याला महत्त्व नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागलेली आहे. ऑल इंडिया रेडिओवर १९४० पासून पुढे तीसेक वर्षं पेटीला बंदी होती. पेटीचे सूर समान अंतरांवर बांधलेले, त्यातून आपला गंधार नीट निघत नाही, असा आक्षेप होता. तो खोटा नाही. ऑर्गनचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो, आणि चांगला साथीदार तिथे पट्टी दाबून ठेवत नाही, नुसती स्पर्शून सोडतो. हे बाबा मला दहाव्या वर्षापासून सांगत आले. पण त्या सगळ्या वर्षांत, रेडिओवर पेटी नसताना, गावोगावच्या मंडपांत पेटी आणि ऑर्गन रात्र-रात्र वाजत होते. माणसांचे कान तिथे घडत होते. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ आणि अभिषेकी, एवढ्याशा गोव्यातून हे गळे आले, त्यामागे मंडपातल्या त्या श्रोत्यांचाही हात आहे असं मला मनापासून वाटतं.

पणजीत कांपालला मांडवीच्या काठी कला अकादमी आहे. चार्ल्स कोरियांनी रचलेली ती इमारत मला फार प्रिय आहे. तिथल्या मोठ्या नाट्यगृहाला दीनानाथ मंगेशकरांचंच नाव आहे. मराठी नाट्यस्पर्धेत मी तिथे चार-पाच वेळा साथीला बसले. त्या नाट्यगृहाच्या भिंतींवर मारियो मिरांडांनी चितारलेले प्रेक्षक आहेत, सज्जातून वाकून बघणारे, गप्पा मारणारे. साथीला बसले की माझी नजर त्यांच्याकडे जायची. ते नेहमी ऐकत असल्यासारखे दिसतात. आमच्या मंडपातले प्रेक्षक तसे नाहीत, ते उठून जातात, चहा पिऊन येतात, मधेच जागे होतात आणि नेमकं आवडतं पद सुरू झालं की सरसावून बसतात. त्यांना जागं ठेवणं हे नटाचं आणि साथीदाराचं काम.

आणि आता हे काम ट्रॅककडे चाललंय. गेल्या पाच-सहा वर्षांत बऱ्याच मंडळांनी पदांची साथ आधीच ध्वनिमुद्रित करून लावायला सुरुवात केली. त्यांची अडचण मला ठाऊक आहे. ऑर्गनवाला, तबलजी, दोघांची रात्रीची बिदागी, तालमींना येण्याजाण्याचा खर्च, आणि मुळात साथीदारच मिळत नाहीत. एका मंडळाच्या सचिवाने मला शांतपणे सगळा हिशोब दाखवला होता, आणि त्यात चूक काढता येत नव्हती. पण ट्रॅकला समोरचं माणूस दिसत नाही. 'वन्स मोअर' आला तर तो पुन्हा लागतो, तसाच्या तसा, त्याच तानेसकट. नट एखाद्या शब्दावर भरून आला आणि क्षणभर थांबला तर ट्रॅक पुढे निघून जातो. साथ म्हणजे मुळात थांबता येणं. गायक श्वास घेतो तेव्हा माझाही पाय पायट्यावर अर्ध्यात थांबतो. हे कोणी शिकवत नाही, सोबत बसून होतं. म्हणून मी देवस्थान समितीला सांगितलं की यंदा मी बिदागी घेणार नाही, तबल्याचं मी बघते, पण सौभद्र ऑर्गनवरच होईल. समितीने मान्य केलं. वर ऑर्गन ओल्या भिंतीपासून काढून देवळाच्या चौकात ठेवायचंही मान्य केलं. तो आता जमिनीपासून वीतभर उंच चौरंगावर आहे, रात्री त्यावर जुनं लुगडं घालतो.

दसऱ्यानंतर तालमी लागल्या. यंदाची सुभद्रा मनवा, बावीस वर्षांची, फार्मसी शिकते. गळा गोड आणि स्वच्छ आहे. पांढरी चारमध्ये ती आरामात गाते. मी तिला फळी दाखवली नव्हती, उगीच दडपण नको म्हणून.

गेल्या रविवारी तालमीला माई आल्या. देवळाच्या मागच्या घरात राहतात, गुडघे धरलेले, काठी घेऊन हळूहळू येतात. फळीवर १९७१ च्या ओळीत सुभद्रेपुढे कंसात 'बाई' असं लिहिलेलं आहे, आणि पट्टी काळी चार. तोवर आमच्या गावात सुभद्रा पुरुषच करायचे. ती पहिली बाई म्हणजे माई. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या घरात त्यावरून महिनाभर अबोला होता.

मनवाचं पद झालं. माई काही बोलल्या नाहीत. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'कितीत गाते ती?'

'पांढरी चार.'

'बाय गो, एवढ्या खाली? वर घे. आणि तो माईक बंद कर.'

मनवा माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, अर्धीच पट्टी, काळी तीन, बघूया तरी. माईक बंद केला, पंखे बंद केले. तिने गायलं. बरं गेलं. माईंनी मान हलवली नाही. 'आणखी अर्धी.' पांढरी पाच. १९५७ च्या सुभद्रेची पट्टी. मी पायटे मारायला लागले, खुंटी ओढली, आत पुठ्ठ्याचा पंखा फिरू लागल्याची बारीक घरघर पायांना जाणवली.

माई उठल्या. काठी टेकत चौकाच्या पायऱ्या उतरल्या, अंगणातून दीपस्तंभापर्यंत गेल्या आणि त्याच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. पाऊणशे पावलं तरी असतील. मनवाच्या लक्षात आलं की त्या कशासाठी गेल्यात. तिने पदर खोचला, पाय रोवले आणि गायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत आवाज थोडा फाटला, तिने सोडला नाही. तबल्यावरच्या मुलाने ठेका जरा मोकळा धरला, मी ऑर्गन अगदी खाली घेतला. अंतरा संपला तेव्हा अंगणात काहीच आवाज नव्हता.

मग दीपस्तंभाकडून माईंचा आवाज आला. म्हातारा, पण स्वच्छ.

'सूर आला. शब्द नाही आले. परत म्हण.'

मनवाने तांब्यातलं पाणी घेतलं. मी भाता भरून घेतला.